आबांचं नाक

बंदरात उतरलेला माल ठरल्या दिवसांत उचलला नाही, की त्याला भाडं लागतं. किश्शांना कोणी भाडं लावत नाही, म्हणून ते साठत जातात. सव्वीस वर्षं मी एका मोठ्या बंदरात टॅली क्लार्क होते. टॅली क्लार्क म्हणजे जहाजावर काय चढलं आणि काय उतरलं ते मोजून लिहिणारी. लिहून झालं की माल आपल्या वाटेनं जायचा आणि माणसं काय बोलली ते माझ्याजवळ राहायचं. आता धुळ्याला घरी मेथी निवडत बसले की एकेक आठवतं आणि मी एकटीच बोलायला लागते. घरचे म्हणतात, "हिला समुद्राची हवा अजून सोडत नाही!"

आमचं बंदर सगळ्या प्रकारच्या मालाचं होतं. एका धक्क्यावर कोळसा, दुसऱ्यावर साखरेची नि गव्हाची पोती, तिसऱ्यावर यंत्रं, आणि पलीकडे कंटेनरच कंटेनर. त्या सगळ्या पसाऱ्यात आम्ही चार जण खान्देशातले. पारोळ्याचे नाना क्रेन चालवायचे. जळगावचे पारसभाऊ व्यापारी घरातले, ते कस्टमची कागदपत्रं करून द्यायचे. असोद्याचे आबा रीफर यार्डात होते, म्हणजे फळं-भाज्यांचे थंड कंटेनर जिथं विजेला जोडून ठेवतात तिथं. आणि धुळ्याची मी, सगळ्यांची ताई. दुपारचा डबा रीफर यार्डाच्या केबिनमध्ये एकत्र उघडायचा. नानांच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. पारसभाऊंचा डबा कांदा-लसणाशिवायचा, म्हणून तो टेबलाच्या टोकाला.

*

नाना फार कमी बोलायचे. क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकटं बसलं की माणसाची बोलायची सवयच जाते. त्यात वॉकीटॉकीवर फक्त हिंदी किंवा इंग्रजी, असा नियम. नाना "यस" आणि "ओके" या दोन शब्दांवर आठ तास काढायचे.

एकदा एक अवजड ट्रान्सफॉर्मर उतरत होता. खाली दहा-बारा माणसं. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, दोन परदेशी खलाशी. ट्रान्सफॉर्मर हवेत अर्ध्यावर आला आणि एका बाजूची साखळी सरकली. मी वही घेऊन तिथंच उभी होते. वॉकीटॉकीतून नानांचा आवाज असा आला, की माझ्या हातातलं पेन पडलं.

"बठ्ठा मांगे सरका रे! मांगे! मांगे!"

खाली एकालाही अहिराणी येत नव्हती. सगळेच्या सगळे मागे पळाले! परदेशी खलाशी सगळ्यात आधी! रिकाम्या झालेल्या जागेत नानांनी तो ट्रान्सफॉर्मर कलता कलता टेकवला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. नियमाबाहेरची भाषा का वापरली? नाना खाली मान घालून म्हणाले, "साहेब, भेव वाटनं तवय माले इंग्रजी याद नही उनी."

आमच्या धक्क्यावरचे बिहारी सिग्नलमन आजही गर्दी हटवायला "बठ्ठा मांगे" म्हणतात. नाना मात्र त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले होते.

*

पारसभाऊंचा किस्सा हसण्यासारखा नाही. तरी तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

एका जहाजावर एक तरुण खलाशी वारला. आजारी पडला आणि किनारा दिसायच्या आधीच गेला. त्याला उतरवून घरी पाठवायचं काम पारसभाऊंकडे आलं. पोलिसांचे कागद झाले, डॉक्टरांचे झाले. शेवटी उरला गेटपास. त्याचा छापील फॉर्म एकच. मालाचा प्रकार, नग, वजन. गेटवरचा माणूस म्हणाला, "रकाना रिकामा असला तर मला गेट उघडता येत नाही."

त्याचं तरी काय चुकलं? नियम त्यानं केले नव्हते. लिहिणारी मी होते. मी 'नग'वर पेन टेकवलं आणि माझा हात पुढे सरकेना.

पारसभाऊंनी माझ्या हातातलं पेन घेतलं. तिन्ही रकान्यांवर आडवी रेघ मारली आणि वर त्या मुलाचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"भाऊ, हे चालणार नाही," गेटवाला म्हणाला.

"मी दुकानदाराचा मुलगा आहे," पारसभाऊ म्हणाले. "माल कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस!"

गेट उघडलं.

*

आता आबा.

आबांच्या भावाची असोद्याला केळीची बाग. जमीन दोघांना पुरणारी नव्हती, म्हणून आबा तरुणपणीच बंदरात आले. पण केळीनं त्यांना सोडलं नाही. आमच्या भागातली केळी परदेशात जातात ती हिरवी. कंटेनरमध्ये तेरा-साडेतेरा डिग्रीत ती गुपचूप पडून राहतात आणि तिकडे पोचल्यावर पिकवतात. पण आत एखादं जरी पिकलेलं केळं राहिलं, तर त्यातून निघणारा वायू शेजारच्याला पिकवतो, शेजारचं पुढच्याला. जहाज वीस-पंचवीस दिवस पाण्यात. तिकडे दार उघडलं की आत नुसता लगदा!

बाकीची माणसं कंटेनरच्या पडद्यावरचा आकडा वाचून पुढे जायची. आबा आकडा वाचायचे, मग हवा बाहेर पडायच्या गोल झरोक्याशी वाकायचे आणि डोळे मिटून वास घ्यायचे. एकेका कंटेनरपाशी देवळात उभं राहावं तसे. मग मला सांगायचे, आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचे.

एकदा म्हणाले, "लिहा ताई, याच्यात केळं पिकलं."

आकडा अगदी बरोबर होता. तेव्हाचे साहेब हसले. "आबा, मशीन काही दाखवत नाही. मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन खोटं नाही बोलत साहेब," आबा म्हणाले. "पन त्यानं केळं कधी खाल्लं हाये का?"

तो कंटेनर तपासणीसाठी तसाही उघडायचाच होता. उघडला. दारापासून तिसऱ्या रांगेत एक पेटी निघाली, हळदीसारखी पिवळी! त्या दिवसापासून रीफर यार्डात आबांचं नाक म्हणजे शेवटचा शब्द झाला. आबांना कधी पदक मिळालं नाही की बढती मिळाली नाही. ते नाक हीच त्यांची इज्जत होती.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा मला एकदा असोद्याला घेऊन गेले. घरात माहेरवाशिणी आलेल्या, झाडाला झोका, चुलीवर मांडे. वहिनी, म्हणजे आबांची बायको, बोलायला गोड आणि स्वभावानं हट्टी. दाराशी आलेल्या कोणालाही ती तसं जाऊ द्यायची नाही. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पिशवीत तिनं माझ्यादेखत वांगी कोंबली. तो नको नको म्हणत सायकलवर बसला, तर ही मागे धावली आणि वर दोन मिरच्या टाकून आली!

जेवताना मी तिला आबांचं काम समजावून सांगत होते. कंटेनर यार्डात येतात, आबा त्यांना विजेला जोडतात, दिवसातून तीनदा विचारपूस करतात, फार थंडी नको, फार गरमी नको, आणि मग ते समुद्रापार जातात.

वहिनी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माहेरी आलेल्या पोरीसारखंच की वो, ताई!"

सगळे हसले. वहिनी हसली नाही.

निघताना तिनं माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ आणि घरच्या बागेतली पाच पिकलेली केळी. बसमध्ये त्या केळ्यांचा वास माझ्या कापडी पिशवीतून धुळ्यापर्यंत येत होता. शेजारची बाई मला म्हणाली, "माहेराहून आलात का?" मी हो म्हणून टाकलं.

*

मग तो ताप आला, जगभर आला तो. आबा तीन आठवडे दवाखान्यात होते. परत आले तेव्हा अर्धे झाले होते. चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुळीत जायचं नाही.

एक दिवस केबिनमध्ये मी चहाचं दूध हीटरवर ठेवलं आणि रजिस्टर आणायला बाहेर गेले. परत आले तर दूध उतू जाऊन करपलेलं, केबिनभर करपट वास, आणि आबा हीटरला पाठ करून, दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचतायत!

मी ओरडले. आबांनी वळून पाहिलं. आधी दुधाकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही.

"आबा, किती दिवस झाले?"

"दवाखान्यातून आलो तवापासून," ते म्हणाले. "कोनाले सांगू नका, ताई."

चार महिने झाले होते! चार महिने हा माणूस रोज झरोक्याशी वाकत होता, डोळे मिटत होता, आणि मला "ठीक हाये, लिहा" म्हणत होता. मला राग आला आणि रडूही आलं. त्या चार महिन्यांत काही बिघडलं नव्हतं, हे नशीब.

मग ठरलं की वास मी घ्यायचा. आबा शिकवायला लागले. "हिरवा वास पानासारखा असते, ताई. पिवळा वास घशात जाते." मी झरोक्याशी वाकायचे. पण कोळशाच्या आणि साखरेच्या धुळीत वर्षं काढलेलं माझं नाक! मला सगळे कंटेनर सारखेच, पत्र्यासारखे वाटायचे. आबा आशेनं विचारायचे, "आला का?" मी मान हलवायचे. मग आम्ही दोघं पुढच्या कंटेनरपाशी जायचो.

हे आमच्या दोघांतलं गुपित आहे असं मला वाटत होतं. पण डब्याच्या वेळी नानांनी ठेचा वाढताना आबांना विचारणं सोडलं होतं, "वास कसा शे?" असं. आणि पारसभाऊ केळीचे कंटेनर तपासणीला उघडले की हल्ली स्वतः पेट्या बघून यायचे.

*

नंतर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. त्यांनी सगळ्या रीफर कंटेनरचे आकडे ऑफिसातल्या एका स्क्रीनवर दिसायची सोय केली. मग म्हणाले, "आता यार्डात फिरून वास घ्यायला माणूस कशाला?" आबांची बदली ठरली. कोळशाच्या धक्क्याच्या गेटवर!

तिथं दुपारपर्यंत पांढरा शर्ट काळा होतो. आबांच्या छातीला ते एक महिनाही झेपलं नसतं. नोकरीची तीन वर्षं उरली होती. ऑर्डर टाईप होऊन साहेबांच्या फाईलमध्ये पडली होती, सही तेवढी बाकी होती.

त्याच आठवड्यात असोद्याचा कंटेनर आला.

असोद्याच्या शेतकऱ्यांनी पहिल्यांदाच आपसात मिळून भरलेला कंटेनर. आबाच दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते, "तुम्ही भरा, बंदरात मी हाये." तो सील होऊन आला, विजेला जोडला, आकडा बरोबर. जहाजावर चढायला तीन तास होते.

पारसभाऊंच्या फोनवर गावाहून दोन फोटो आले होते. ते त्यांनी कौतुकानं आबांना दाखवले. पहिल्यात कंटेनरच्या उघड्या दाराला आंब्याचं तोरण, भोवती गावातल्या बायका, पुढे वहिनी, हातात ताट. दुसऱ्यात दारं बंद करून सील लावलेलं, वहिनी पदरानं डोळे पुसतेय.

आबांनी पहिला फोटो पाहिला. दुसरा पाहिला. परत पहिला. फोन परत दिला आणि उठून थेट झरोक्याशी गेले. वाकले, डोळे मिटले. मी पाहत होते. त्यांना कसलाही वास येत नाही हे मला माहीत होतं.

सरळ होऊन म्हणाले, "उघडा."

साहेब आले. "स्क्रीनवर सगळं ठीक आहे, आबा. सील तोडायचं म्हणजे कस्टमला बोलवायचं, नवे कागद करायचे. जहाज चुकलं तर तुमच्याच गावाचा माल पडून राहील. कशासाठी उघडायचं?"

"वास येते, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "ताई, रजिस्टरमध्ये काय लिहिताय?"

सव्वीस वर्षांत मी एक पोतं जास्त लिहिलं नव्हतं की कमी लिहिलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली नाही. मी लिहिलं, 'आबांना पिकल्या केळ्याचा वास आला.' आणि खाली सही केली.

साहेबांनी वाचलं. "ठीक. उघडू. पण आत काही निघालं नाही, तर मी आजच ऑर्डरवर सही करणार."

पारसभाऊ एकही प्रश्न न विचारता कस्टमच्या अधिकाऱ्याला आणायला पळाले. वॉकीटॉकीवर नानांचा आवाज आला, नियम मोडून, "ताई, हाऊ डबा मी सर्वास्ना मांगे उचलसू. तुमनं चालू द्या."

सील तोडलं. दारं उघडली. थंड हवा अंगावर आली. समोर पेट्याच पेट्या, पेट्यांच्या भोकांतून दिसणारी हिरवीगार केळी. पिवळं काहीच दिसेना.

"वर बघा," आबा म्हणाले.

वरच्या पेटीवर, छताच्या फटीत सरकवलेलं एक स्टीलचं ताट होतं. त्यात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या, आणि पाच पिकलेली केळी, काळे ठिपके पडलेली.

कस्टमचे अधिकारी मराठीच होते. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढली. साहेबांनी स्वतः दोन्ही हातांनी ते ताट उतरवलं आणि आबांच्या हातात दिलं. शेजारच्या पेट्या उघडून पाहिल्या. सगळी केळी हिरवी. वेळेत निघालं होतं.

नवं सील लागलं, मी नवा नंबर लिहिला, आणि नानांनी तो कंटेनर सगळ्यात शेवटी उचलून जहाजावर ठेवला. इतक्या हळूच, की टेकल्याचा आवाजही आला नाही.

साहेब आबांना म्हणाले, "ती ऑर्डर मी फाडतो. तुम्ही नवीन पोरांना हा वास घ्यायला शिकवा." आबा "हो" म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही दोघंच उरलो. ताट टेबलावर. मी दार लावून घेतलं.

"आबा, खरं सांगा. वास आला होता?"

"नाही, ताई."

"मग?"

"माह्या घरची कोनाले रिकामं पाठवत नाही."

त्यांनी ताटातलं एक केळं सोललं. अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः तोंडात टाकलं. खूप वेळ चावत राहिले, खिडकीतून जहाजाकडे बघत. मग माझ्याकडे वळले.

"सांगा न, ताई," म्हणाले, "वास कसा येऊन राह्यला?"